दुसरी चावी

माझ्या बायकोच्या मते बापाची ॲम्बेसेडर ही गाडी नाही, तिची सवत आहे. म्हणू द्या. उमरखेडला बसस्टँडच्या रोडवर माझं बॅटरीचं दुकान आहे, दुकानामागे पत्र्याचं शेड आहे, आणि त्या शेडात ती पांढरी गाडी माझ्या लग्नाच्या आधीपासून उभी आहे. बाप तिच्यात नवरदेव-नवऱ्या वाहायचा. गावातल्या निम्म्या बाया तिच्यात बसून सासरी गेल्या आणि रडून तिच्या सीटा ओल्या केल्या. बाप गेल्यावर मी ती अधूनमधून चालवायचो, पुसायचो, शिव्या द्यायचो. मग एक दिवस तिचं इंजिन जे जाम झालं ते झालं.

मेस्त्री माझा लहानपणचा दोस्त. त्याने हेड खोलून आत टॉर्च मारला आणि मान हलवली. "भाऊ, याले आता बोअर करायले लोखंडच नाही राह्यलं. भंगारात दे. नाही त याच्यात कोंबड्या पाळ."

मला राग लवकर येतो. मी म्हटलं, "कोंबड्या तू पाळ. मी याच्यात नवीन इंजिन टाकतो. कॉम्प्युटरवालं."

"कॉम्प्युटरवालं!" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अबे, हिले अजून सेल्फ लागत नाही धड, अन् कॉम्प्युटर लावून राह्यला!"

झालं. आता माघार घ्यायची म्हणजे जन्मभर त्याचं ऐकून घ्यायचं. मी दुसऱ्या दिवशीच कामाला लागलो. आधी आरटीओची परवानगी लागते, इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो, ते सगळं एजंटाकडून समजून घेतलं. मग जुनं इंजिन साखळीने वर काढलं आणि रिकाम्या जागेचं माप घेतलं. नव्या इंजिनाची मापं मिळवली आणि बॅटरीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, चिकटपट्ट्या मारून, अख्खं इंजिन पुठ्ठ्याचं बनवलं. ते बॉनेटखाली उतरवून पाहायचं, कुठे अडतं ते पेनाने आखायचं, परत काढायचं. खालचं तेलाचं भांडं आडव्या पट्टीला घासत होतं. गिअरबॉक्स लांब पडत होता, मागचा शाफ्ट कापावा लागणार होता. मेस्त्री रोज कामं आटपून यायचा, "कायचं इंजिन हाये हे, बुटाच्या खोक्याचं?" म्हणून टोमणा मारायचा, आणि मग स्वतःच गुडघ्यावर बसून तासभर मापं घ्यायचा. त्यालाही चळ लागला होता, पण कबूल करायचा नाही.

खरं इंजिन मिळालं ते फुलसावंगीच्या पुढच्या एका तांड्यावर. तिथल्या एका घरची पेट्रोलची व्हॅन होती, फार जुनी नव्हती. धाकटा मुलगा ती चालवायचा. सकाळी तांड्यावरची माणसं घेऊन उमरखेडला यायचं, दिवे लागायच्या वेळी त्यांना परत न्यायचं. एका संध्याकाळी माणसं उतरवून तो शेतातल्या पंपासाठी डिझेलचा डबा आणायला पुन्हा रस्त्यावर गेला आणि मागून ट्रकने ठोकलं. व्हॅन मागून चेपली, पुढून जशीच्या तशी. इंजिनाला ओरखडा नाही. मुलगा जागेवरच गेला. वर्षभर ती व्हॅन त्यांच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी होती. मोठ्या भावाने शेवटी ती विकायला काढली. अंगणात आलं-गेलं की दिसते, म्हणाला.

मी आणि मेस्त्री ट्रॅक्टर घेऊन गेलो. व्हॅन ओढायला टोचन बांधलं. तेवढ्यात घरातून त्याची आई बाहेर आली. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. मीही याडीच म्हणू लागलो. उंच, वाळलेली बाई, कपाळावर गोंदण, डोळे कोरडे. ती व्हॅनच्या दाराशी गेली, काचेवरून हात फिरवला आणि परत उंबऱ्यात जाऊन बसली.

मी मोठ्याला विचारलं, "चावी?"

तो अवघडला. "काका, एक चावी त त्याच्या संगं... तिथं तुटली. दुसरी याडीजवळ हाये. पण ते नाही देणार. आमच्यात जनावर इकलं का दावं नाही देत ना."

हे मला नवीन नव्हतं. आमच्या घरीही बैल विकला की दावं आपल्याजवळ ठेवायचं आणि घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. दावं दिलं तर गोठ्याची बरकत त्याच्याबरोबर जाते. माझ्या बापाने बाजारात पैशांवरून कितीतरी वेळा घासाघीस केली असेल, पण दाव्यावरून कधी कोणाशी हुज्जत घातली नाही. आणि मी बॅटरीवाला माणूस. चावी म्हणजे काय, दोन वायरी जोडायच्या, तिसरी टेकवायची, की गाडी सुरू. मी हसून म्हटलं, "राहू दे, याडी. दावं तुहंच."

तिने मान डोलावली. मेस्त्रीनेही डोलावली. त्याच्याही घरी बैल होते. आम्हा चौघांपैकी एकालाही आम्ही काय करून बसलो ते कळलं नाही.

शेडात आणून आम्ही व्हॅन मोकळी केली. इंजिन आणि गिअरबॉक्स स्टँडवर घेतले. वायरिंग मात्र मी स्वतः काढलं, एकही वायर न कापता. डॅशबोर्डपासून मागच्या दिव्यांपर्यंतचा तो सगळा गुंता एका जुन्या बाजेवर पसरला, कारण जमिनीवर उंदीर कुरतडतात. जिथे डोकं असावं तिथे कॉम्प्युटरचा डबा, मधे फ्यूजांचा डबा, पायथ्याशी मागच्या फुटलेल्यांच्या जागी लावलेले नवे इंडिकेटर. कोणती वायर कुठली ते शोधता यावं म्हणून सगळं बॅटरीला जोडून ठेवलं, हॉर्नसकट. बायको चहा घेऊन आली, बाजेकडे पाहिलं आणि कपबशी तिथेच खाली ठेवून मागे सरकली.

"अवो, हे काय निजवून ठेवलं?"

"वायरिंग हाये अवं."

"वायरिंग असो का काही असो. चादर टाका त्याच्यावर." आणि गेली. त्यानंतर ती चहा दुकानाच्या दारातूनच द्यायची.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी पाठमोरा होतो. दिवस मावळला होता, शेजारच्या किराणावाल्याने नुकती उदबत्ती लावली होती. मागे हॉर्न वाजला, बारीक, दोनदा. टुक टुक. वळलो तर बाजेच्या पायथ्याशी दोन्ही इंडिकेटर पिवळे लागून विझत होते. गाडी कुलूप करताना लागतात तसे.

मला काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला, म्हटलं वायरिंग जिवंत आहे. कुठेतरी अर्थिंगची वायर ढिली असेल. दुसऱ्या दिवशी अर्थिंगचे सगळे जोड घासून आवळले. त्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी पुन्हा, टुक टुक. मी बॅटरी बदलली. पुन्हा. फ्यूज तपासले, ओलावा असेल म्हणून हेअर ड्रायरने सगळे जोड वाळवले, त्यावरून बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पुन्हा.

मेस्त्री म्हणाला, "बाजूच्या कोण्या गाडीचं रिमोट असन. एकच सिग्नल पडून राह्यला." ते पटण्यासारखं होतं. मी दोन-तीन संध्याकाळी रस्त्यावर उभा राहिलो, कोण गाडी लावतं ते पाहत. भाजीच्या गाड्या होत्या, एसटी होती, मोटारसायकली होत्या. रस्त्यावर कोणी काही दाबत नव्हतं आणि आत मेस्त्री ओरडत होता, "भाऊ, वाजलं!" तिसऱ्या संध्याकाळी तो ओरडला नाही. मी आत गेलो तर तो भिंतीला पाठ लावून उभा होता.

"काय झालं बे?"

"काही नाही. मी उद्यापासून उजेडातच येत जाईन." आणि पाना न पुसता खिशात टाकून गेला. पाना न पुसता ठेवणारा माणूस नाही तो.

भीती मलाही वाटली. पण माझं असं आहे, की भीती वाटली की मला त्या वस्तूचाच राग येतो. मी बाजेसमोर उभा राहून म्हटलं, "काय पाहिजे तुले? काहून ताप देऊन राह्यलं?" बाज गप्प. दिवसभर ती कधी काही करायची नाही. बॅटरी काढून ठेवता आली असती, नाही असं नाही. हात गेलाही होता एकदा त्या नटावर. पण आता ती बाज निजलेल्या माणसासारखी दिसायची, नट काढायला हात धजेना.

इकडे स्टँडवरचं इंजिन वायरिंगला जोडूनही काही सुरू होईना. स्टार्टर मारला की गरागरा फिरायचं, पण पकडायचं नाही. मीटरच्या काचेत चावीचं एक लाल चित्र लुकलुकत राहायचं. दोन वायरी जोडून पाहिल्या, तीन जोडून पाहिल्या. आयुष्यभर या गावातल्या गाड्या सुरू करणारा मी, त्या लाल चित्रापुढे थिटा पडलो. शेवटी नांदेडहून चावीवाल्याला बोलावलं. तरुण माणूस, लॅपटॉप घेऊन आला, बाजेशेजारी स्टूल टाकून बसला आणि डब्याला वायर लावली.

"काका, हिची चावी कुठं आहे?"

मी दाव्याची गोष्ट सांगितली. तो माझ्याकडे पाहतच राहिला. "चावी नाही घेतली? काका, चावीत चिप आहे. ह्या डब्याला फक्त दोन चाव्या ओळखू येतात. त्या नसल्या तर हा पेट्रोलच सोडत नाही." मग त्याला माझी दया आली असावी. "जाऊ द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. मी सगळ्या जुन्या चाव्या पुसून टाकतो आणि नवी शिकवतो."

"पुसल्यावर जुनीचं काय होते?"

"काय व्हायचं? मेली. प्लास्टिकचा तुकडा."

मी म्हटलं, "पुस मग." म्हटलं मी तसं. तो बटणं दाबू लागला, बाहेर किराणावाल्याची उदबत्ती लागली आणि हॉर्न वाजला. टुक टुक. इंडिकेटर लागले, विझले.

"हे असंच होते," मी सांगू लागलो, "कुठंतरी शॉर्ट..."

"शॉर्ट नाही," तो म्हणाला. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक ओळ आली होती आणि तिच्यापुढे दोनचा आकडा. "काका, आत्ता कोणीतरी चावी दाबली. दुसऱ्या नंबरची. कुठं आहे ती?"

"फुलसावंगीच्या पुढं."

तो हसला, मग माझं तोंड पाहून थांबला. "ही चावी ह्या शेडाच्या बाहेर गेली तर चालत नाही, काका." त्याने लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली आणि मी न विचारता म्हणाला, "आज नको. आपण उद्या-परवा पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोटारसायकल काढली आणि तांड्यावर गेलो. मोठ्याला म्हटलं, सहज आलो, इकडे काम होतं. त्याने चहा दिला, कापसाचं बोललो, तुरीचं बोललो. मी उठत नाही म्हटल्यावर त्याने जेवूनच जा म्हटलं. ऊन उतरलं. याडी चुलीशी बसून पीठ मळत होती. पीठ झालं, विस्तव झाला, तरी तवा चढवेना. दिवस बुडाला तशी ती उठली, देवापाशी दिवा लावला, कोनाड्यातून काळ्या दोऱ्यात ओवलेली चावी घेतली आणि अंगणात कडुलिंबाखाली गेली. तिथे व्हॅन उभी असायची. जमिनीवर तेलाचा काळा डाग होता, बाकी काही नाही. तिने त्या रिकाम्या जागेकडे हात केला आणि बटण दाबलं.

मग मान जराशी कलती करून ऐकलं. "आला," म्हणाली, आणि येऊन तवा चढवला.

मोठा माझ्याकडे न पाहता हळूच बोलला. "रोज असंच करते, काका. तो आला का गेटातून गाडी लॉक करे, मंग याडी भाकर टाके. आता हे दाबते. म्हणते, दाबलं का आवाज देते. आमाले त काही नाही येत ऐकू."

मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन लावला.

"लागले का लाईट?"

"आत्ताच त लागले. वाजलंही." मग तिचा आवाज बदलला. "तुमी कुठं हा? तुमी दाबलं का?"

"नाही," मी म्हटलं. "घरी आलो का सांगतो."

मी जेवलो. याडीने सगळ्यांना वाढलं आणि एक ताट वाढून झाकून ठेवलं. मी त्या ताटाकडे पाहायचं टाळलं. तिथे कोणालाच काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुमची याडी इथे दाबते आणि उमरखेडला माझ्या बाजेवर दिवे लागतात? माझाच विश्वास बसत नव्हता. मोटारसायकलवर परत येताना मागच्या सीटवर कोणी बसलंय असं वाटत राहिलं, आणि मी एकदाही मागे पाहिलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मी म्हटलं, पुसून टाकतो, सगळं बंद होईल, सुटलो. तेव्हा ती भडकली. माझ्याहून जास्त भडकते ती, फक्त क्वचित.

"तिची चावी मारायची नाही. सांगून ठेवते. त्या बाईले रोज सांजेले पोरगा आल्याचं समजते, तवा ते भाकर टाकते. तुमी ते पुसलं का उद्या तिनं काय करावं? उपाशी बसावं?"

"अन् माझं इंजिन?"

"चुलीत जाऊ द्या तुमचं इंजिन!"

मेस्त्रीचं म्हणणं उलट. "पुस अन् मोकळा हो. मेलेल्या माणसाच्या भानगडीत कायले पडतं?" दोघांच्या मधे मी. मला इंजिन पाहिजे होतं, हे खरं. पण त्या रात्री ते झाकलेलं ताट डोळ्यांपुढून हलेना. मी चावीवाल्याला फोन केला आणि विचारलं, जुनी न मारता नवी शिकवता येते का? तो म्हणाला, येते, पण जुनी चावी समोर पाहिजे. मी म्हटलं, मग तुझी गाडी घेऊन ये. चावी आपल्याकडे येणार नाही, आपण चावीकडे जाऊ.

असं आम्ही ते सगळं वायरिंग बाजेसकट त्याच्या गाडीत टाकलं आणि तांड्यावर नेलं, भर दुपारी. चावीवाला सारखा घड्याळ पाहत होता. कडुलिंबाखाली बाज ठेवली. याडीने वायरींकडे पाहिलं, पण हे तिच्या मुलाच्या गाडीचं आहे असं तिला वाटलेलं दिसलं नाही. तिच्या लेखी गाडी म्हणजे गाडी. काचा, दारं, चाकं. हा कसला तरी जाळीचा ढीग होता.

तिने चावी हातातून सोडली नाही. मग चावीवाल्यानेच तिच्याजवळ बसून तिच्या मुठीसकट चावी वायरिंगला लोंबणाऱ्या स्टार्टरच्या कुलपात घातली आणि फिरवली. लाल चित्र विझलं. मग त्याने नवी चावी घातली, फिरवली, परत लाल विझलं. काम झालं. त्याने तिला बटण दाबू दिलं नाही, मीच नको म्हणून खुणावलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

"माही चालू राहीन ना रे?" तिने विचारलं.

"राहील, याडी. आता दोन्ही चालतील."

मग ती माझ्याकडे वळली. "दादा, गाडी तयार झाली का घेऊन येजो एक डाव. लय दिवस झाले, पाह्यली नाही."

मी म्हटलं, "आणतो, याडी." किती सहज म्हटलं मी.

उन्हाळा लागेपर्यंत आम्ही इंजिन बसवलं. त्या दिवसांत मी आयुष्यात नव्हतो इतका खूश होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तेलाचं भांडं कापून जोडलं, शाफ्ट कापून तोलून आणला, टाकीत पंप बसवला. बाजेवरचं वायरिंग गाडीत गेलं, इंडिकेटरच्या वायरी ॲम्बेसेडरच्या जुन्या गोल दिव्यांना जोडल्या. मेस्त्रीने ज्या दिवशी नवी चावी फिरवली त्या दिवशी इंजिन असं लागलं की आम्ही दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडलो. तो म्हणाला, "लेका, हिचा आवाजच नाही येत!" आणि डोळे पुसले. पेट्रोल डोळ्यात गेलं म्हणाला.

संध्याकाळी दिवे लागतच होते. आता ॲम्बेसेडरचे. मला सवय झाली होती. सवय कसली, मी वाट पाहायचो. टुक टुक झालं की मी मोठ्याने म्हणायचो, "आला, आला, याडी. टाक भाकर." मेस्त्री उजेडात निघून जायचा, पण बायको आता दारात यायची ते ऐकायला. ऐकलं की आत जाऊन आमचा कुकर लावायची. भीतीही होतीच. तिने आम्हाला कधी सोडलं नाही. पण भीती वाटणाऱ्या गोष्टीवरही माया बसते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

आरसीवर नवा नंबर चढला आणि मी गाडी घेऊन तांड्यावर निघालो. बायकोलाही नेलं. पत्र्यासारखं ऊन होतं, निघता निघता उशीर झाला, पोहोचलो तेव्हा दिवस बुडत होता. पोरंटोरं मागे धावली. मी कडुलिंबाखाली, त्या तेलाच्या डागावरच गाडी उभी केली. दुसरी जागाच नव्हती. याडी घरात होती, दिवा लावत होती. मोठ्याने हाक मारली, ती चावी घेऊन बाहेर आली. तिची वेळ झाली होती. तिने नेहमीसारखा हात केला आणि बटण दाबलं.

माझ्या गाडीचे चारही दिवे लागले. टुक टुक.

ती जिथे होती तिथे थांबली. सगळ्यांनी ऐकलं होतं. मोठ्याने ऐकलं, त्याच्या बायकोने ऐकलं. पहिल्यांदाच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. याडीने पुन्हा दाबलं, गाडीने पुन्हा आवाज दिला. ती जवळ आली, बापाची ती पांढरी, गोल बॉनेटची गाडी तिने आयुष्यात पाहिलेली नव्हती. तिने पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग ड्रायव्हरच्या खिडकीशी आली. आत मी बसलो होतो. मी हसलो. ती हसली नाही.

"हे त माह्या पोराची गाडी नोहे."

"इंजिन त्याचंच आहे, याडी. सगळं आतलं त्याचंच आहे."

"आवाज हेच देत होती?"

मला काही कळेना. "कधी?"

"रोज. सांजेले. मी दाबे तवा."

बायकोने मागून माझा खांदा दाबला, गप्प बसा म्हणून. पण याडी माझ्याकडे पाहत होती आणि मला तिच्या डोळ्यांत पाहून थाप मारता येईना. "हो, याडी. माझ्या दुकानात. रोज लागत होते दिवे."

"तवा गाडीत कोणी असे?"

त्या बाईला हो म्हणावं असं मला इतकं वाटलं, इतकं वाटलं. बाजेवरच्या वायरी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. "कोणी नव्हतं," मी म्हटलं. "मीच होतो."

तिने मान डोलावली. "तू होता," ती म्हणाली. मग मोठ्याकडे वळली, जणू काही त्यालाच विचारायचं होतं. "मंग मी रोज ताट कोणाचं वाढत होती रे?"

मोठ्याने तिला धरून आत नेलं. चूल पेटलेली होती, पण तिने तवा चढवला नाही, सुनेने चढवला. आम्हाला बसा म्हणाले, आम्ही बसलो नाही. परत येताना इंजिन लोण्यासारखं चाललं, खड्डा कळत नव्हता, आणि माझी बायको सगळा रस्ता तोंडाला पदर लावून रडली.

दुसऱ्या संध्याकाळी मी दुकान लवकर आवरून शेडात बसलो. उदबत्ती लागली, एसटी गेली, अंधार पडला. दिवे लागले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडाभराने मी मोठ्याला फोन केला, याडी कशी आहे म्हणून. बरी आहे म्हणाला. चावी कोनाड्यातच आहे, हात लावत नाही. जेवते ना, विचारलं.

"जेवते ना, काका. आता वाट पाहाची नाही ना कोणाची. आता दिवस हाये तवाच जेवून घेते."